एकतीस नर, तीन माद्या: मुलुंडमधल्या एका टँकची गोष्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याच्या एका मासेवाल्याचा फोन आला. दोन आठवड्यांपूर्वी त्याला मी घरी वाढवलेल्या शोभेच्या माशांच्या, म्हणजे अ‍ॅपिस्टोच्या आठ जोड्या देऊन आलो होतो. माणूस शांत होता, पण आवाजात हसू होतं. "साहेब, तुमच्या माद्यांना मिशा फुटल्या. येऊन घेऊन जा."

मी गेलो. त्याने काचेच्या एका वेगळ्या पेटीत आठही माद्या ठेवल्या होत्या. त्यातल्या सहा जणींच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे वर आले होते, शेपटीची दोन्ही टोकं लांबायला लागली होती आणि त्यांची एकमेकांत जुंपली होती. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण डोळ्यांसमोर पोहत होती. घरी ठेवलेल्या चार 'माद्यां'पैकी तिघींनी पुढच्या पंधरा दिवसांत तेच केलं. शेवटचा हिशेब असा: एका विणीतली चौतीस पिल्लं वाढली, त्यांत एकतीस नर आणि तीन माद्या.

हे का झालं ते शोधायला मला सहा-सात महिने लागले. त्यात माझं डोकं कमी आणि बाबांचं कालनिर्णय जास्त कामी आलं.

आधी मासा कोणता ते सांगतो. अ‍ॅपिस्टोग्रामा ककाटुओइडिस. बाजारात याला कॉकाटू अ‍ॅपिस्टो किंवा नुसतं 'ककाटू' म्हणतात. सिक्लिड कुळातला हा बुटका गडी. नर फार तर आठ सेंटिमीटर, मादी पाचच्या आसपास. मूळ घर पेरू आणि पश्चिम ब्राझील, उकायाली आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले पालापाचोळ्याने भरलेले उथळ झरे. १९५१ साली होडेमान यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि नाव त्या काकाकुव्यासारख्या तुऱ्यावरून पडलं. नर रंगीत, मादी साधी. पण संसार मादीचा. ती कपारीच्या छताला लालसर अंडी चिकटवते, त्यांना वारा घालते, पिल्लांना घेऊन फिरते. नर बाहेर हद्द राखतो, आणि फार जवळ आला तर त्याच्याहून निम्म्या आकाराची बायको त्याला हाकलून लावते.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, सातव्या मजल्यावर. वर थेट गच्ची. टँक हॉलमध्ये, तीन फुटी, आत नव्वदेक लिटर पाणी, स्पंज फिल्टर, खाली बारीक वाळू. कपार म्हणून नारळाची करवंटी, तिला मादीपुरतं भोक पाडलेलं. महागड्या चिनी मातीच्या गुहा दुकानात मिळतात, पण आमच्याकडे गावाहून येणाऱ्या नारळांचं दुसरं काय करणार? वाळूवर बदामाची पानं. परदेशात लोक ही पानं पाकिटं घेऊन विकत आणतात. आमच्या सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं लाल होऊन पडतात. वॉचमनकाका झाडायच्या आत मी गोळा करतो, वाळवतो आणि वर्षभर पुरवतो. पाण्याला चहासारखा रंग येतो, तो माशांना मानवतो.

पाण्याबद्दल मुंबईकराने तक्रार करू नये. वैतरणा, तानसा, भातसा असं तलावांचं पाणी आपल्याकडे येतं, ते मऊ असतं. माझ्या मीटरवर नळाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, सत्तर-ऐंशीच्या आसपास दिसतो. क्लोरीन तेवढं मारावं लागतं, त्यासाठी दुकानात मिळणारे हायपोचे खडे पुरतात. दक्षिण अमेरिकेतल्या माशांसाठी पुण्यातले मित्र आरओचं पाणी मिसळत बसतात, तेव्हा मी बादली नळाखाली धरतो. अडचण फक्त टँकरची. २०२४ मध्ये ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागली, सोसायटीने टँकर बोलावले आणि टाकीतल्या पाण्याचा टीडीएस एकदम तीनशेवर गेला. त्या काळासाठी मी पन्नास लिटरचं पिंप नळाच्या पाण्याने आधीच भरून ठेवलं होतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. टँक घरात आला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "याचं रीडिंग कोण घेणार?" कुणीच घेणार नव्हतं, म्हणून त्यांनी घेतलं. रोज सकाळी सातला आणि दुपारी तीनला काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा. 'दूध २, पेपर नाही, २४.५/२५.५' अशी नोंद. बायको म्हणायची, माशांचं तापमान दिसतं, पण गॅस कधी लावला ते दिसत नाही.

पहिल्या दोन विणी वाया गेल्या, त्या लवकर सांगून टाकतो. जानेवारी २०२४ मध्ये मादी पिवळीधमक झाली, पोटाखालचे पर काळे पडले. बाबा म्हणाले, "बाईसाहेबांना हळद लागली." करवंटीत सत्तरेक अंडी होती. दुसऱ्या रात्री बहुतेक सगळी गायब. मी नराला दोष दिला, त्याला काढायचं ठरवलं.  पण टँकच्या तळाशी फिरणारे कॉरिडोरस मासे रात्री चरतात हे मला वाचून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. त्याच रात्री अडीचला बाबा पाणी प्यायला उठले, टॉर्च मारला, तर उरलीसुरली अंडी टिपत करवंटीत दोन कॉरिडोरस शिरलेले. अंधारात मादीला दिसत नाही, त्यांना दिसायची गरज नाही. कॉरिडोरस दुसऱ्या टँकमध्ये गेले आणि देवघरातल्यासारखा एक झिरोचा दिवा टँकशेजारी आला. तो दिवा आजही रात्रभर असतो. फेब्रुवारीत दुसऱ्या विणीतली पिल्लं पोहायला लागली आणि पाच दिवसांत उपाशी मेली. मी चुरडलेले फ्लेक्स देत होतो. पिल्लाला हलणारं अन्न लागतं.

मग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. प्लास्टिकची पाण्याची बाटली उलटी कापून, लिटरभर पाण्यात पंचवीसेक ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर अंडी, हवेचा पाइप. मुंबईच्या उन्हाळ्यात चोवीस तासांत फुटतात, हीटरची गरज नाही. ओट्यावर ठेवली तर घरात वाद होतो, म्हणून वॉशिंग मशीनवर.

तिसरी वीण २० एप्रिल २०२४ ची. ज्यांनी तो महिना मुंबईत काढला त्यांना आठवत असेल. चारच दिवस आधी, १६ तारखेला, सांताक्रूझला ३९.७ अंश नोंदले गेले होते. गच्चीचा स्लॅब रात्री अकरालासुद्धा हाताला गरम लागायचा. आम्ही बेडरूममधला एसी लावून झोपायचो आणि टँक हॉलमध्ये. अंडी दोन दिवसांत फुटली, सहाव्या दिवशी पिल्लं वाळूवर ढगासारखी तरंगायला लागली. जानेवारीत याच जोडीला यासाठी निदान आठ-नऊ दिवस लागले असते. मला वाटलं, उन्हाळा किती छान! सगळं भराभर होतंय. फोटो काढून मोजली, अठ्ठावन्न पिल्लं. आर्टेमियाने पोटं नारिंगी दिसायची. महिन्याभरात पंचेचाळीस उरली, जुलैपर्यंत चौतीस. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तीस अंशाला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि माशाची भूक-श्वास मात्र वाढलेले असतात. काही पिल्लं त्यात गेली असावीत असं मी धरून चाललो.

ऑगस्टमध्ये मी त्यांना नर-मादी म्हणून वेगळं केलं. बावीस उघडउघड नर. बारा लहान, पिवळट, गोल शेपटीच्या. त्या माद्या, असं मी समजलो. आठ जोड्या कुर्ल्याला नेल्या. पुढचं वर आलंच आहे.

आता हे 'मादीसारखे नर' काय भानगड, ते. अ‍ॅपिस्टोमध्ये दबलेला नर स्वतःचा रंग दाबून ठेवतो. टँकमध्ये दोन-चार दांडगे नर असले की लहान नर मादीचं सोंग घेऊन राहतो. मार वाचतो, शिवाय मोठ्या नराच्या नाकाखालून अंड्यांपर्यंत पोहोचता येतं. दांडगे काढून घेतले की आठ-दहा दिवसांत सोंग उतरतं. मासेवाल्याने जोड्या वेगळ्या केल्या आणि नेमकं तेच झालं. ज्याला घरी वीण वाढवायची आहे त्याला एवढं सांगेन: चार महिन्यांच्या आत कुणालाही 'जोडी' म्हणून देऊ नका, आणि लहान चणीची पिल्लं निदान तीन आठवडे वेगळी ठेवून मगच मोजा. माझी पत मासेवाल्याकडे अजून पूर्ण सुधारलेली नाही.

तर प्रश्न उरला, एकतीस आणि तीन का?

पहिला संशय मरणाऱ्या पिल्लांवर. अठ्ठावन्नपैकी चोवीस मेली होती. मेलेली झाडून सगळी माद्या होती असं धरलं, तर मुळात एकतीस नर आणि सत्तावीस माद्या होतात. म्हणजे जवळपास बरोबरी. आकडेमोड जुळते! दोन दिवस मी या शोधावर खूश होतो. बाबांनी विचारलं, "चोवीसच्या चोवीस पोरीच गेल्या? पोरगा एकही नाही?" तापाने, भुकेने किंवा ऑक्सिजनने निवडून फक्त माद्या माराव्यात असं कारण मला सुचेना. गणित चालत होतं, पण गोष्ट चालत नव्हती.

दुसरा संशय आई-बापावर. बाजारात हॉर्मोन देऊन रंगवलेले मासे येतात अशी कुजबुज नेहमी असते. आई-बापांत असं काही झालं असेल तर पिल्लांचं प्रमाण बिघडू शकतं. माझी जोडी दुकानातली, तिचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नाही. हा संशय टिकाऊ होता, पण त्याला तपासायची सोय होती. आई-बाप तेच ठेवून पुन्हा वीण घ्यायची. दोष त्यांच्यात असेल तर पुढच्या वेळीही नरच होतील.

तिसरा संशय पाण्यावर, म्हणजे टँकरवर. पण टँकर आले जूनमध्ये आणि पिंपातलं पाणी जूनअखेरपर्यंत पुरलं, म्हणून हा संशय गळला.

चौथा संशय तापमानावर. माशांचं लिंग अंड्यातच पक्कं ठरत असेल अशी माझी समजूत होती. अ‍ॅपिस्टोच्या बाबतीत ती चुकीची. १९९६ साली रोमर आणि बाइझनहेर्त्स या जर्मन अभ्यासकांनी अ‍ॅपिस्टोच्या तीसहून अधिक जातींची पिल्लं २३, २६ आणि २९ अंशांना, वेगवेगळ्या आम्लतेच्या पाण्यात वाढवली. बहुतेक जातींत एकच कल निघाला, थंड पाण्यात माद्या जास्त, गरम पाण्यात नर जास्त. आम्लतेचा परिणाम फार थोड्या ठिकाणी दिसला. आणि हे ठरतं विणीनंतरच्या पहिल्या तीस-चाळीस दिवसांत. पुढे पाणी थंड करा की गरम, उपयोग नाही. आपल्याकडे वेळासच्या समुद्रकिनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले कासवं माहीत आहेत, तिथे वाळू तापली की माद्या जास्त निघतात. इथे बरोबर उलटं.

मी उठलो आणि कालनिर्णयचं एप्रिलचं पान उलटलं. बाबा जुनी पानं फाडत नाहीत, ही त्यांची सवय आजवर आमच्यात भांडणाचा विषय होती. २० एप्रिल ते २५ मे, एका ओळीत आकडे: २९.५/३१, ३०/३१.५, ३०/३१. सरासरी काढली तर तीसच्या वर, एकाही दिवशी सकाळीसुद्धा साडेएकोणतीसच्या खाली नाही. त्या अभ्यासातल्या सर्वांत गरम पाण्यापेक्षाही आमचा हॉल गरम होता.

एवढ्यावर मी निकाल लावणार होतो. बाबा तयार नव्हते. "वर्कशॉपमध्ये एका वेळी एकच नट फिरवायचा. दोन फिरवलेस तर गाडी कशाने सुटली ते कळणार नाही." म्हणजे पुढच्या विणीत जोडी तीच, टँक तोच, करवंटी तीच, बदामाची पानं मोजून तेवढीच, अन्न तेच, पाणी पिंपात साठवलेलं नळाचं. बदलायचं ते फक्त तापमान.

यासाठी मुंबईत थंडीची वाट बघण्याशिवाय इलाज नाही. पाणी तापवणं सोपं, थंड करणं अवघड. एप्रिलमध्येच मी काठाला क्लिपचा पंखा लावून पाहिला होता. कोरड्या दुपारी दोन-अडीच अंश उतरले, पण जूनच्या दमट हवेत एक अंशही धड नाही, कारण सगळा खेळ बाष्पीभवनाचा. वर रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, आणि क्षार मात्र टँकमध्येच राहतात. बर्फाची बाटली सोडली की तासाभरात तीन अंश खाली, मग पुन्हा वर. पिल्लांना तो झटका उन्हाहून वाईट. चिलर मिळतो, पण त्याच्या किमतीत आमच्या घरी आधी दुसऱ्या बऱ्याच गोष्टी यायच्या आहेत. म्हणून डिसेंबर.

थंडीत रात्री पाणी चोवीसपर्यंत उतरतं. हीटर सव्वीसला लावला. नर आणि मादी नोव्हेंबरभर वेगळे ठेवून दोघांना चांगलं खायला घातलं, आणि १४ डिसेंबरला अंडी मिळाली. तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ फुटायला लागला, नवव्या दिवशी सकाळी पिल्लं पोहत होती. पहिली वीण चोरीला गेली तेव्हाची घाबरट आई आता सराईत झाली होती. संध्याकाळी टँकवरचा मोठा दिवा मालवायच्या अर्धा तास आधी ती पिल्लांना गोळा करायला लागायची. पंखांचा एक झटका दिला की सगळी वाळूवर बसायची, जणू शाळेत बाईंनी छडी आपटली. बाबांनी खुर्ची टँकसमोर सरकवली ती तेव्हापासून तिथेच आहे.

या वेळी फोटोत शेहेचाळीस मोजली. सदतीस जगली. कालनिर्णयमध्ये चाळीस दिवस २५.५/२६, २६/२६, क्वचित २६/२६.५. जानेवारीतल्या एका दुपारी सव्वासव्वीस, त्याच्यापुढे बाबांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं आहे.

मोजायची घाई केली नाही. एप्रिल २०२५ पर्यंत थांबलो, लहान चणीची सगळी महिनाभर वेगळी ठेवली. निकाल: पंधरा नर, वीस माद्या, दोन संशयित. त्या दोघांना अजून एक महिना दिला; एक नर निघाला, एक टँकच्या झाकणाच्या फटीतून उडी मारून गेला. सोळा आणि वीस.

आई-बाप तेच, पाणी तेच, प्रमाण पार वेगळं. आई-बापांवरचा संशय माझ्यापुरता मिटला. तरी बाबांचं समाधान अर्धंच. त्यांचं म्हणणं, दोन विणींवर रेल्वे चालत नाही, आणि एप्रिलच्या विणीच्या वेळी आई नवखी होती तर डिसेंबरच्या वेळी अनुभवी, हा नट आपण फिरवलेला नसला तरी आपोआप फिरला. हे खरं आहे. वीण पुन्हा उन्हाळ्यात घेऊन पाहिली तर उलटी बाजूही तपासली जाईल. पण चौतीस मासे वाढवून त्यातल्या एकतीस भांडखोर नरांची सोय लावायची ताकद घरात कुणाची नव्हती.

त्या एकतीस नरांचं काय झालं, हा प्रश्न मला सगळे विचारतात. कुर्ल्याच्या त्याच माणसाने घेतले. चांगल्या भावाने घेतले. तुरा, लाल ठिपक्यांची शेपूट, गिऱ्हाईक बघताच थांबतं. साध्या पिवळट मादीकडे कोण बघतो? गिऱ्हाईक एक नर नेतं, सहा महिन्यांनी विचारतं की मादी मिळेल का, आणि मादी बाजारात नसते. मी त्याला डिसेंबरच्या विणीतल्या माद्या दाखवल्या, तेव्हा त्याने पाच घेतल्या आणि म्हणाला, "साहेब, या ठीक आहेत. पण ते आधीचे होते ना, तसेच आणा. पाणी गरमच ठेवा."

हे ऐकून बाबांनी त्याच दिवशी करवंटी टँकमधून काढली, घासून कपड्यांच्या दोरीवर वाळत टाकली आणि कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानावर लिहिलं: 'नोव्हेंबरपर्यंत बंद.' मादी अजून त्या मोकळ्या जागेसमोर येऊन थांबते. मागच्या आठवड्यात तिने फिल्टरच्या मागे वाळूत खड्डा करायला घेतलाय.